ऑल्डरविक घराण्याचं मानपत्र

मिस्टर ऑल्डरविक फुटपाथवरून कधी चालत नसत. आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चांगला रुंद फुटपाथ आहे, पण ते रोज सकाळी दहाच्या सुमारास लोकांच्या घरांपुढच्या हिरवळीवरून, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, असे सरळ रेषेत चालत यायचे. हातात काठी आणि मागे एक म्हातारी, लोंबत्या कानांची कुत्री. कुणी नवं बी पेरलेलं असो, कुणाची मुलं खेळत असोत, त्यांची रेषा बदलत नसे. कुत्री मध्येच बसून घाण करू लागली की ते काठीवर रेलून शांतपणे आकाशाकडे बघत उभे राहत आणि तिचं झालं की पुढे निघत. केलेली घाण त्यांनी उचलल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. ज्याचं अंगण त्यानं उचलायची, असा अलिखित नियम होता आणि तो सगळे पाळत होते.

हे केंब्रिजमधलं सांगते आहे, कॅनडातल्या केंब्रिजमधलं. माझी मुलगी मुग्धा आणि जावई मंदार तिथे राहतात. मंदार मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. यजमान गेल्यावर रत्नागिरीचं घर बंद करून मी त्यांच्याकडे आले. आमचा रस्ता, त्याच्या मागचे दोन रस्ते, मधली बाग, हे सगळं एके काळी मिस्टर ऑल्डरविकांचं शेत होतं. त्यांनी ते बिल्डरला विकलं, पण रस्त्याला आपल्या घराण्याचं नाव द्यायची अट घालून. त्यामुळे आमचा पत्ता ऑल्डरविक ड्राइव्ह असा आहे. जमीन विकली होती, पण ती गेली असं त्यांना कधी वाटलं नाही.

पहिल्या भेटीत मी पायरीजवळच्या वाफ्यात मेथी टाकत होते. माझ्यावर सावली पडली म्हणून वर पाहिलं.

"इथे ओट्स असायचे," ते म्हणाले. गुड मॉर्निंग वगैरे काही नाही.

मी उठून उभी राहिले. मी मुग्धाची आई, असं माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी घराकडे, खिडक्यांच्या पडद्यांकडे, वाफ्याकडे नजर फिरवली आणि मान हलवली.

"माझ्या लोकांमध्ये तुमचं घर नीटनेटकं आहे," ते म्हणाले आणि कुत्रीला घेऊन शेजारच्या अंगणात शिरले.

'माझ्या लोकांमध्ये' हे शब्द मला तेव्हा खटकले नाहीत. उलट बरं वाटलं. संध्याकाळी मुग्धाला मी ते कौतुकानं सांगितलं. ही गोष्ट लिहायला आज मला लाज वाटते, पण ती गाळली तर पुढचं सगळं मिस्टर ऑल्डरविकांसारखंच होईल.

उन्हाळ्यात रस्त्यावरच्या सगळ्या घरांचं एकत्र जेवण असतं. तिथे मुग्धानं बोलता बोलता कुणाला तरी सांगितलं की माझी आई मोडी वाचते. हे खरं आहे. माझे वडील कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात होते. जुने कागद वाचून त्यांची बाळबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, नक्कल करायची, हे त्यांचं काम. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांनी मला समोर बसवून मोडी शिकवली. नंतर मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण वडिलांची विद्या मात्र सोडली नाही. ही बातमी जेवणाच्या टेबलांवरून फिरत मिस्टर ऑल्डरविकांच्या खुर्चीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी ते आमच्या हिरवळीवर थांबले आणि काठीनं दारावर ठोकलं.

"मिसेस पी.," ते म्हणाले. माझं आडनाव पेडणेकर. ते त्यांनी शेवटपर्यंत पूर्ण उच्चारलं नाही. "माझ्याकडे तुमच्या लिपीतले कागद आहेत. मी आमच्या घराण्याचा इतिहास लिहितो आहे. मंगळवारी या."

मी मंगळवारी गेले. इस्त्री केलेली कोटा साडी नेसून गेले, हेही सांगून टाकते.

त्यांचं घर रस्त्याच्या टोकाला, जुन्या दगडी फार्महाउसमध्ये होतं. आत शिरताच ओल्या कुत्र्याचा आणि कुजलेल्या लोकरीचा वास यायचा. दिवाणखान्यात जमिनीवर वाघाचं कातडं पसरलेलं होतं. त्याचे केस जागोजागी झडले होते आणि उघड्या जबड्यात जळमटं होती. कुत्री त्या वाघाच्या डोक्यावर हनुवटी ठेवून झोपायची. मिस्टर ऑल्डरविक चहा स्वतः करत. आपल्या बशीत बिस्कीट बुडवून ते अर्धं कुत्रीला चाटू देत आणि उरलेलं स्वतः खात. मग त्याच बोटाला थुंकी लावून कागद उलटत. माझे वडील दप्तराला हात लावण्याआधी हात धुऊन, पुसून, वाळवून घेत. मी म्हटलं, "कागद मी उलटते, तुम्ही नुसतं बघा." ते म्हणाले, "हे दोनशे वर्षं टिकलेत, मिसेस पी. माझ्या थुंकीनं काय होणार आहे?"

जेवणाच्या मोठ्या टेबलावर त्यांनी वंशवृक्ष पसरून ठेवला होता. तो ते मला समजावून सांगत. ज्यांनी जमीन राखली ते लाल शाईत. ज्यांनी घालवली ते पेन्सिलीत. मुली नुसत्या आकड्यांनी, कारण त्यांच्यामुळे जमीन इकडची तिकडे होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात वरच्या लाल नावाच्या माणसानं इंग्लंडमध्ये त्यांचा वाडा, म्हणजे ऑल्डरविक हॉल, बांधला. त्याच्या जेवणघराच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसावी म्हणून त्यानं मधली सात घरं पाडली होती. त्या घरांतल्या माणसांचं पुढे काय झालं, असं मी विचारलं.

"ती हलली," ते म्हणाले. "घरं दृश्याच्या मध्ये येत होती." आणि मग थोडं हसून, "टेकडी फार सुंदर आहे. तुम्ही पाहायला हवी."

वंशवृक्षात एका ठिकाणी चौकोनी भोक होतं. ब्लेडनं कापलेलं. मी बोट ठेवल्यावर म्हणाले, "माझी बहीण मार्गरेट. तिनं गॅरेजवाल्याशी लग्न केलं. मी समजावलं तर शी वॉज अनप्लेझंट."

अनप्लेझंट हा त्यांचा शब्द. जगात चांगलं आणि वाईट असं काही नव्हतं, प्लेझंट आणि अनप्लेझंट एवढंच होतं. शेजाऱ्यानं कुत्रीबद्दल तक्रार केली की तो अनप्लेझंट. बिल्डरनं बागेतलं त्यांचं बाक हलवलं, ते अनप्लेझंट. त्यांच्याशी कुणी असहमत होऊ लागलं की ते डोळे अर्धे मिटून, आवाज न चढवता म्हणत, "लेट अस नॉट बी अनप्लेझंट." समोरच्या माणसालाच अपराधी वाटायचं. मलाही दोनतीनदा वाटलं.

तरी मी जात राहिले. त्यांच्या पेटीतले कागद मला ओढून नेत होते. घराण्यातला एक धाकटा मुलगा, हेन्री, कोकणात कलेक्टरच्या हाताखालचा अधिकारी होता. थोरल्या भावानं दारूपायी हॉल गमावला, तो या हेन्रीनं परत येऊन सोडवला. म्हणून वंशवृक्षात त्याचं नाव सगळ्यात जाड लाल शाईत होतं. पेटीत त्याच्या काळचे मोडी कागद होते. बैलगाड्यांच्या याद्या, पुलाच्या दगडांचा हिशेब, नारळांची पोच. कॅनडातल्या त्या थंड खोलीत माझ्या गावापासून दोन कोसांवरच्या वाड्यांची नावं वाचताना मला गलबलून यायचं. मी वाचून दाखवी, ते इंग्रजीत उतरवून घेत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याकडची इंजिनियर मुलं मला विचारायची, "काकू, तुम्ही खरंच लॉर्डकडे काम करता?" मी म्हणायची, "लॉर्ड नाहीत रे, जमीनदार." आणि मनातून सुखावायची.

ऑक्टोबरात पेटी संपली. त्या मंगळवारी मिस्टर ऑल्डरविकांनी मला फायरप्लेसच्या वर लावलेली तसबीर काढायला सांगितली. सोनेरी चौकटीत एक हातकागद होता, साधारण वीतभर लांब. खालच्या कोपऱ्यात शाईनं काढलेलं एक वर्तुळ. ते वर्तुळ मी इतके दिवस त्यांच्या पत्रांच्या कागदावर, चमच्यांवर, त्यांच्या अंगठीवर पाहत आले होते.

"हे आमच्या घराण्याचं मानपत्र," ते म्हणाले. "हेन्रीनं नरभक्षक वाघ मारला. हाच तो, तुमच्या पायाखाली. गावकऱ्यांनी कृतज्ञतेनं हे लिहून दिलं. हे वर्तुळ म्हणजे सूर्य. त्या लोकांची निष्ठेची खूण. हेन्रीनं तीच आमची मोहोर केली. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तीच येणार आहे. आता वाचा."

मी चष्मा पुसला आणि वाचू लागले. मोडी मनात वाचता येत नाही मला, ओठ हलतात. पहिल्या ओळीलाच माझे ओठ थांबले. कागदावर होतं ते असं:

'मौजे आंबवडे येथील सखू कोम बाळू हिचा अर्ज ऐसाजे. माझा नवरा साहेबांचे शिकारीस हाकाऱ्यांत गेला तो जिवंत माघारी आला नाही. त्यास वाघाने मारिले ऐसे दप्तरी लिहिले आहे. ते खोटे. वाघ ते दिवशी उठलाच नाही. साहेबांची गोळी पाठीस लागली. मी आपले हाताने त्यास न्हाऊ घातले, भोक पाहिले. अंगावर नख कोठे नाही. माझे दुसरे काही मागणे नाही. दप्तरी खरे लिहावे. निशाणी बांगडी.'

हाकारे म्हणजे आरडाओरडा करून रान उठवणारी माणसं, आणि कोम म्हणजे बायको. जुन्या कागदांत बाईची ओळख अशीच लिहीत, अमकी कोम तमका. आणि सही न येणाऱ्या बाईची निशाणी बांगडी असे. शेतकऱ्याची नांगर, तशी बाईची बांगडी. तो सूर्य नव्हता. ती सखूची सही होती, आणि ज्या माणसानं तिच्या नवऱ्याला गोळी घातली त्याच्या घराण्यानं ती चमच्यांवर कोरून घेतली होती.

"काय?" मिस्टर ऑल्डरविकांनी विचारलं. त्यांच्या हातात पेन तयार होतं.

"शाई उडाली आहे," मी म्हटलं. "फोटो काढून नेते. घरी नीट अर्थ लावते."

शाई उडाली नव्हती. काल बोरूनं लिहिल्यासारखी ती काळीभोर होती. मी घाबरले होते, तेवढंच. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी त्या कुबट खोलीत खोटं बोलले, आणि वर त्यांनी पुढे केलेलं बिस्कीटसुद्धा खाल्लं.

घरी येऊन मुग्धाला वाचून दाखवलं. ती लॅपटॉप बंद करून ऐकत होती.

"आई, हे हॉरिबल आहे," ती म्हणाली. "पण तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. आता सांगून काय होणार? सांग ना की वाचता येत नाही."

"मला वाचता येतं, मुग्धा."

"आय नो. पण आपल्याला इथे राहायचंय गं. सगळी स्ट्रीट त्याला मानते."

मंदार म्हणाला, "आई, त्यांना कदाचित माहीतच नसेल. बिचाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेच सांगितलं गेलं असेल. तुम्ही सांगितलंत तर निदान पुस्तकात चूक जाणार नाही."

मला ते पटलं. आठवडाभर मी शब्द जुळवत होते. म्हाताऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून कसं सांगावं, याचा मी विचार करत होते. पुढच्या मंगळवारी त्यांच्यासमोर बसून मी अर्ज एकेक ओळ करून इंग्रजीत सांगितला. ते हनुवटी छातीशी टेकवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी कुत्रीचं डोकं खाजवलं.

"फार छान," ते म्हणाले. "तुम्ही खरोखर वाचता. मला शंका होती."

मला कळेना. त्यांनी तसबीर उचलली, उलटी केली, मागचा पुठ्ठा सरकवला आणि घडी घातलेला एक पिवळा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर सुरेख वळणदार इंग्रजी अक्षरांत सखूच्या अर्जाचं भाषांतर होतं. हेन्रीच्याच कचेरीतल्या कारकुनानं केलेलं. एकही शब्द सोडलेला नव्हता. बुलेट, बॅक, नो क्लॉ.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"माझ्या आजोबांनी मी बारा वर्षांचा असताना दाखवलं. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाला दाखवतात." त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू होतं, एखादी जुनी गंमत सांगताना असतं तसं. "हा अर्ज हेन्रीच्या विरुद्ध होता, पण अर्ज हेन्रीकडेच यायचे. त्यानं तो ठेवून घेतला. घरी आल्यावर चौकट केली आणि पाहुण्यांना मानपत्र म्हणून दाखवू लागला. ही हॅड अ सेन्स ऑफ ह्यूमर, यू सी. वाघाचं कातडं त्यानं मुंबईच्या बाजारात विकत घेतलं."

समोर कप होता. त्यात कुत्रीचा एक केस तरंगत होता. तो कप मी दूर सारला.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुमच्या नावासाठी." त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'आंबवडे ग्रामस्थांचं कृतज्ञतापत्र'. आमचे पिता, आमचे रक्षक, जोवर सूर्य तळपतो आहे तोवर, असलं काहीबाही. खाली सहीसाठी रेघ. "भाषांतर तिथल्याच एखाद्या विदुषीनं केलेलं असेल तर पुस्तकाला वजन येतं. इथे सही करा."

"मी हे केलेलं नाही."

"तपशील आहे तो, मिसेस पी. ती बाई गेली. तिची मुलं गेली. हेन्रीनं तिच्या भावाला शिपायाची जागा दिली होती. कुणाचं काय बिघडलं?"

"तिनं मागितलं काय होतं आणि तुम्ही..." माझं इंग्रजी तिथे संपलं. मी मराठीत म्हटलं, "तुम्हाला किळस येत नाही का हो स्वतःची?"

त्यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. डोळे अर्धे मिटून ते म्हणाले, "लेट अस नॉट बी अनप्लेझंट."

मी कोट घालून बाहेर पडले. फुटपाथवरून चालत घरी आले. दोन वेळा साबणानं हात धुतले. माझ्या मनात राग असायला हवा होता, पण राग हा शब्द बरोबर नाही. बाथरूमच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका हातानं काढताना जे वाटतं, ते वाटत होतं. आणि त्यात माझेही केस होते. मी तीन महिने त्या टेबलाशी बसून चहा प्याले होते. सात घरं पाडल्याची गोष्ट ऐकून मान हलवली होती.

मी पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही. नाताळात त्यांनी फ्रूटकेक पाठवला, सोबत वर्तुळाच्या मोहोरेचं कार्ड. मी दोन्ही ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकलं. हिवाळाभर ते बर्फ तुडवत आमच्या अंगणातून जात राहिले, आणि खिडकीत मी दिसले की टोपी किंचित उचलत. त्या टोपी उचलण्यात जराही संकोच नव्हता. आपण काही लाजिरवाणं केलं आहे हे त्या माणसाला आयुष्यात एकदाही शिवलं नसावं. मी इथे त्यांना अहोजाहो करते आहे ते निव्वळ सवयीनं.

मार्चमध्ये झोपेतच ते गेले. मृत्यूसुद्धा प्लेझंट.

नदीकाठच्या दगडी चर्चमध्ये प्रार्थना होती. मी जाणार नव्हते. मंदार म्हणाला, "आई, आपण शेजारी आहोत, पाच मिनिटं मागे उभं राहू." मुग्धा, मंदार आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. दाराशी एका टेबलावर त्यांचं पुस्तक रचून ठेवलं होतं, हिरव्या कापडी बांधणीचं. मुखपृष्ठावर सोनेरी बांगडी. येणारा प्रत्येक जण एक प्रत उचलून घेत होता. मीही घेतली. उघडली तर चौथ्या पानावर आभारांत लिहिलं होतं, 'मूळ मोडीवरून अनुवाद: मुंबईच्या विदुषी श्रीमती निर्मला पेडणेकर'. मी जन्मात मुंबईला राहिले नाही. या माणसाला माझं पूर्ण नाव लिहिता येत होतं, तर.

पाद्री मिस्टर ऑल्डरविकांबद्दल बोलले. जमिनीवरचं प्रेम, परंपरा, शेजारधर्म. मग म्हणाले, "त्यांच्या इच्छेप्रमाणे मी घराण्याचं मानपत्र वाचतो," आणि वाचू लागले. आमचे पिता, आमचे रक्षक. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं डोळे पुसले.

मी उभी राहिले. ठरवून नाही. मुग्धानं माझा पदर धरला होता, तो सुटला.

"हे त्या कागदात नाही," मी म्हटलं. माझा आवाज त्या उंच छताखाली फार बारीक वाटला. पाद्री थांबले. सगळी डोकी वळली. "ती निर्मला पेडणेकर मीच आहे. मी हे भाषांतर केलेलं नाही. तो कागद सखू नावाच्या बाईनं दिला होता. तिच्या नवऱ्याला वाघानं मारलं नाही. हेन्री ऑल्डरविकनं पाठीत गोळी घातली. तसं लिहा, एवढंच तिचं मागणं होतं. मिस्टर ऑल्डरविकांना हे माहीत होतं."

पाद्री म्हणाले, "थँक यू," अगदी सौम्यपणे, एखादं मूल मध्येच बोलल्यावर म्हणावं तसं. मग त्यांनी भजनाचा क्रमांक सांगितला आणि ऑर्गन वाजू लागला. सगळे उठून गाऊ लागले.

नंतर शेजारच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविच होती. आमच्याभोवती तीन हातांची मोकळी जागा राहिली. आमच्या समोरच्या घरातली बाई, जिच्या फुलांवरून ती कुत्री वर्षानुवर्षं चालत गेली होती, ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "इट वॉज सो लाँग अगो, डिअर." माझा दंड थोपटून ती आणखी एक काकडीचं सँडविच घ्यायला गेली. मला वाटलं होतं की निदान कुणी भांडेल. कुणी भांडलंसुद्धा नाही. त्या हॉलभर मिस्टर ऑल्डरविक बसलेले होते, डोळे अर्धे मिटून.

मुग्धा कोट आणायला गेली तेव्हा साठीच्या आसपासची, जाडसर, पुरुषी जॅकेट घातलेली एक बाई समोर आली. तिच्या हाताच्या रेषांत ऑइल मुरलेलं होतं.

"मी हेलन," ती म्हणाली. "मार्गरेटची मुलगी. तुम्ही माझ्या आईच्या जागचं भोक पाहिलं असेल."

मी मान हलवली.

"दुसरं कुणी उरलं नाही म्हणून घर मला आलंय. तो कागदही. त्या बाईचं नाव पुन्हा सांगाल का? मला नीट ऐकू आलं नाही."

मी सांगितलं. तिनं खिशातून पावतीचा तुकडा काढला. मी एकेक अक्षर सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मग तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. तिचा 'ख' होईना. तिसऱ्यांदा बराचसा झाला.

एप्रिलमध्ये तिनं तो अर्ज, मागच्या पिवळ्या भाषांतरासह, एका विद्यापीठाच्या संग्रहाला दिला. मी बरोबर गेले होते. तिथल्या मुलीनं फॉर्मवर 'ऑल्डरविक कागदपत्र' असं लिहायला घेतलं, तेव्हा हेलन म्हणाली, "नाही. ज्या बाईनं दिला तिच्या नावानं." मुलीनं खोडून पुन्हा लिहिलं: अर्जदार, सखू. विषय, बाळूचा मृत्यू. कारण, बंदुकीची गोळी. मी वडिलांच्या पद्धतीनं बाळबोधीत केलेली नक्कल त्याला जोडली. कुठल्याशा दप्तरात एकदाचं खरं लिहिलं गेलं. आंबवड्याच्या दप्तरात मात्र वाघच असणार.

घरात उरलेल्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. हेलनला ती जाळायची होती. मी म्हटलं, जाळू नको, जाळली तर कुणी काय केलं हेही जाईल. म्हणून मे महिन्यातले दोन शनिवार आम्ही तिच्या गॅरेजमध्ये, उघड्या बॉनेटच्या ट्रकशेजारी, दोन खुर्च्या टाकून बसलो. खऱ्या अर्जाची छापील चिठ्ठी प्रत्येक प्रतीत, त्या खोट्या मानपत्राच्या समोरच्या कोऱ्या बाजूला चिकटवली. हेलन डिंक लावायची, मी दाबून धरायची. ती मामाबद्दल एकदाच बोलली. "आईच्या शेवटच्या आजारात तो भेटायला आला होता," ती म्हणाली. "दारातूनच बघून गेला. म्हणाला, खोलीत वास येतोय."

एकशे चाळीस प्रती झाल्या. बाकीच्या साठांतल्या काही चर्चच्या दारातून लोकांनी नेल्या होत्या, काही टपालानं इंग्लंडमधल्या नातेवाइकांकडे गेल्या होत्या. कुणाकडे, ते कळायला मार्ग नाही. हेलननं तिला ठाऊक असलेल्या नातेवाइकांना पत्रं पाठवली, त्यांतल्या दोघांनी उत्तर दिलं आणि पुस्तक आवडल्याचं कळवलं. त्या साठ प्रतींत सखू अजून साहेबाचे आभार मानते आहे, आणि त्याखाली माझं नाव आहे.